सुकाणूच्या दांड्याचा आधार

मोटारीचें कौतुक करणाऱ्या मनुष्याची दृष्टि बहुधा तिच्या रंगाकडे, गाद्यांकडे, फार तर इंजिनाकडे वळते. चालकाच्या हातांतील चाक आणि रस्त्यावर धांवणारीं चाकें यांचा संबंध जोडणारा जो पोलादी दांडा चालकाच्या गुडघ्यांमधून तिरपा खालीं उतरतो, त्याच्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. आणि तो दांडा ज्या लहानशा कड्यानें व पट्टीनें गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवलेला असतो, तो आधार तर पाहणाराच्या खिजगणतींतहि नसतो. परंतु पन्नास-पाऊणशें वर्षांची जुनी मोटार पुन्हां रस्त्यावर आणूं पाहणारा जाणता कारागीर प्रथम हात घालतो तो याच ठिकाणीं. चाक दोन्ही हातांनीं धरून तो तें वर-खालीं आणि बाजूला हलवून पाहतो. चाक न फिरतां नुसतें डुलूं लागलें, तर इंजिन कितीहि गोड चालत असलें तरी ती गाडी अद्याप बाहेर काढण्याजोगी झालेली नाहीं, असें तो ठरवितो.

या आधाराची हकीकत मोठी उद्बोधक आहे. सुकाणूचें चाक मोटारीवर आलें तें १८९४ सालीं. तेव्हांपासून सुमारें सत्तर वर्षें यंत्रशास्त्रज्ञांची सारी खटपट हा दांडा अधिकाधिक घट्ट कसा धरतां येईल यासाठीं चालली होती. नंतर एक काळ असा आला कीं, घट्ट धरलेला हा दांडाच अपघाताच्या वेळीं चालकाच्या जिवावर उठतो हें लोकांच्या ध्यानांत आलें, आणि तोच आधार योग्य क्षणीं सुटावा कसा याचा विचार सुरू झाला. जुन्या गाडीचा आधार सुधारूं पाहणाराला हे दोन्ही धडे ठाऊक असावे लागतात. त्यांतला एकच ठाऊक असला तर त्याच्या हातून हिताऐवजीं अहित व्हावयाचें.

बैलगाडीला किंवा घोडागाडीला सुकाणूचा प्रश्न कधीं पडला नाहीं. जनावर जिकडे वळे तिकडे दांडी वळे, आणि दांडीमागून गाडी वळे. चार चाकांच्या बग्गींत पुढचा सबंध आंस मधल्या खिळ्याभोंवतीं फिरत असे. पण तो एका बाजूला फार वळला म्हणजे गाडीचा पाया अरुंद होऊन ती कलंडण्याची भीति असे. म्यूनिक येथील गाड्या बनविणारा कारागीर गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यानें यावर तोड काढली. आंस जागच्या जागीं ठेवून त्याच्या दोन टोकांवरील चाकें मात्र आपापल्या खिळ्यावर वळतील, अशी त्याची रचना होती. रूडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें, आणि आजतागायत ती रचना मूळ कारागिराच्या नांवानें नव्हे, तर आकरमानच्याच नांवानें ओळखली जाते. तिचें खरें मोल कळलें तें घोडा जाऊन इंजिन आल्यावर.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीला तीनच चाकें होतीं, व पुढचें एकटें चाक एका लहानशा मुठीनें वळवावें लागे. त्यानंतरच्या चार चाकांच्या बहुतेक मोटारींना होडीच्या सुकाणूसारखा आडवा दांडा असे. फ्रेंच लोक थट्टेनें त्याला ‘गाईचें शेपूट’ म्हणत. सावकाश चालणाऱ्या गाडीला हें शेपूट पुरेसें होतें. वेग वाढूं लागला तसे त्याचे दोष उघडे पडले. रस्त्यांतील दगडावर चाक आदळलें कीं त्याचा हिसका थेट चालकाच्या मनगटाला बसे, आणि क्षणभर मूठ सुटली तरी गाडी वाटेल तिकडे वळे. १८९६ सालच्या पॅरिस-मार्सेय-पॅरिस शर्यतींत एमिल लव्हासोर हा फ्रान्समधील अग्रगण्य मोटार-निर्माता आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवूं गेला, तों गाडींतून बाहेर फेंकला गेला. त्या दुखापतींतून तो पुरता सांवरला नाहीं, व १८९७ च्या एप्रिल महिन्यांत त्याचें निधन झालें.

गोल चाकाचा प्रयोग त्यापूर्वींच झालेला होता. २२ जुलै १८९४ रोजीं पॅरिस ते रूआं अशी जी मोटारींची प्रसिद्ध चढाओढ झाली, तींत आल्फ्रे व्हाशरों यानें आपल्या पानार गाडीला आडव्या दांड्याऐवजीं चाक बसविलें होतें. १८९८ पासून पानार-लव्हासोर कंपनीनें हें चाक आपल्या गाड्यांवर सर्रास बसविण्यास आरंभ केला, आणि त्याचा दांडा सरळ उभा न ठेवतां चालकाकडे कलता केला. चाकाचा लाभ दुहेरी होता. दांड्याच्या तळाशीं दांतेरी चक्रें किंवा मळसूत्र बसविल्यामुळें चालकाचें थोडें बळ अनेकपट होऊन रस्त्यावरील चाकांपर्यंत पोंचे. उलट रस्त्यावरचा हिसका वर येतां येतां पुष्कळसा जिरून जाई. थोड्याच वर्षांत ‘गाईचें शेपूट’ मोटारींवरून नाहींसें झालें.

परंतु चाकाबरोबर गाडीला एक नवी काळजीहि लागली. हातांतील चाक आणि तळचा गिअर यांच्यामध्यें लांबलचक दांडा आला. असा दांडा केवळ तळाशीं धरला, तर त्याचें वरचें टोक वेळूसारखें डुलणार. त्यांतून चालक गाडींत चढतां-उतरतां चाकालाच धरून आपला भार तोलतो, आणि वळणावर बाजूला कलतो तेव्हांहि चाकालाच लोंबकळतो. म्हणून दांडा दोन ठिकाणीं धरावा लागतो : तळाशीं सांगाड्याला, आणि वरच्या अंगाला चालकापुढील फळीला. जात्याचा खुंटा सैल झाला म्हणजे हाताचें अर्धें बळ खुंट्यांतच जिरतें, हें दळणाराला पहिल्या फेऱ्यालाच कळतें. सुकाणूच्या दांड्याचेंहि तसेंच आहे. वरचा आधार ढिला असला म्हणजे चालकाच्या हाताची पहिली हालचाल दांडा डुलविण्यांत खर्च होते, आणि गाडी मागाहून वळते. याहून वाईट असें कीं, चाकांतील ढिलेपणा गिअरचा, सांध्यांचा कीं नुसत्या आधाराचा, हें त्याला हातावरून ओळखतां येत नाहीं.

या गोष्टीचें उत्तम उदाहरण म्हणजे फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ गाडी. १ ऑक्टोबर १९०८ रोजीं ती बाजारांत आली, आणि १९२७ च्या मे महिन्यांत तिच्या जातीची दीड कोटीवी गाडी कारखान्याबाहेर पडली. स्वस्ताई, हलकेपणा आणि सोपी दुरुस्ती हे तिचे गुण. तिच्या सुकाणूची रचना मात्र इतरांहून निराळी होती. बहुतेक गाड्यांत बळ वाढविणारा गिअर दांड्याच्या तळाशीं असे. येथें तो अगदीं वर, चाकाच्या खालींच, एका लहानशा पितळी डब्यांत बसविला होता. मधल्या चक्राभोंवतीं तीन लहान चक्रें फिरत, आणि चाकाचे चार फेरे झाले म्हणजे दांड्याचा एक फेरा होई. याचा परिणाम असा कीं, बळ वरच वाढून तें सबंध दांड्यांतून खालीं जाई, आणि रस्त्याचा धक्काहि तळच्या ब्रॅकेटला व दांड्याला न जिरतां सोसावा लागे. पुढें १९२६ च्या नमुन्यांत चाराचें प्रमाण पांचावर नेण्यांत आलें, त्यामुळें चाक कांहींसें हलकें झालें.

या गाडीच्या दांड्याचें वरचें बूड इंजिन आणि चालक यांच्यामधील फळीला बोल्टांनीं जखडलेलें असे. १९२० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत ही फळी लांकडाची होती. लांकूड पावसांत फुगतें, उन्हांत आकसतें. बोल्ट दर वेळीं थोडा थोडा सैल होतो, आणि कालांतरानें भोंकच मोठें होतें. तळच्या ब्रॅकेटमधील बुश झिजतो तो निराळाच. त्यामुळें या गाड्यांच्या ऐन भराच्या काळींच दांड्याला फळीशीं किंवा सांगाड्याशीं बांधणाऱ्या पोलादी आधारपट्ट्या दुकानांत मिळूं लागल्या, आणि हौशी मालक स्वतःच्या हातानें त्या बसवूं लागले. जुन्या मोटारींचे आजचे भक्त जी सुधारणा करतात, ती अशा रीतीनें मोटारीइतकीच जुनी आहे.

हिंदुस्थानांत ही गाडी आली ती फोर्डच्या कॅनडांतील कारखान्यांतून. ब्रिटिश साम्राज्यांतील डाव्या बाजूनें चालणाऱ्या देशांसाठीं तेथें उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाड्या बनत असत. पुढें १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडी येथें सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला, आणि १९४७ सालीं वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. परदेशच्या सपाट सडकांच्या मानानें मुरमाच्या व खडीच्या रस्त्यांवर या गाड्यांच्या सुकाणूला हिसके अधिक बसत, आणि बुश बदलणें, पट्टी घट्ट करणें हें येथल्या मोटार-मिस्त्रींचें नेहमींचें काम होऊन बसलें.

दरम्यान दांड्यावरील बोजा वाढतच होता. १९३८ च्या सुमारास कांहीं अमेरिकन गाड्यांत गिअर बदलण्याची मूठ जमिनीवरून उचलून सुकाणूच्या दांड्यावर आणण्यांत आली. पुढच्या बांकावर तिघांना बसतां यावें हा त्यांतला हेतु. मुंबईकरांना ही रचना चांगली परिचयाची आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत ज्यांनीं शहराचा निरोप घेतला त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींत पुष्कळ वर्षें अशीच मूठ चाकापाशीं असे. आतां चाकाच्या ओढीबरोबर गिअरची ओढहि दांड्याला सोसावी लागे. साहजिकच वरचा आधार अधिक जाड, अधिक रुंद आणि अधिक पक्का झाला. दांडा जितका अचल तितकी गाडी उत्तम, असा सर्वांचाच समज होता.

या समजाला धक्का बसला तो एका वैमानिकाच्या अनुभवानें. ह्यू डी हेव्हन हा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धांत रॉयल फ्लाइंग कोअरमध्यें शिकाऊ होता. १९१७ सालीं टेक्सासमध्यें त्याचें विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळलें. इतर मेले, तो जगला. पण त्याच्या पोटांत गंभीर दुखापत झाली होती. आपली दुखापत विमान पडल्यामुळें झाली नसून कमरपट्ट्याच्या कठीण बकलामुळें झाली, असें त्याच्या मनानें घेतलें. पुढें १९४२ सालीं, पन्नास ते दीडशें फुटांवरून पडूनहि जे वांचले त्यांची चिकित्सा करणारा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयांत अपघातांतील दुखापतींचें पद्धतशीर संशोधन सुरू झालें. मनुष्य मरतो तो पडल्यामुळें नव्हे. तो कशावर पडतो आणि किती अंतरांत थांबतो यावर त्याचें जीवित अवलंबून असतें, हा या संशोधनाचा निष्कर्ष होता.

मोटारीला हा नियम लावून पाहतांच सुकाणूचा दांडा आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला. समोरासमोर टक्कर झाली म्हणजे दोन गोष्टी एकापाठोपाठ घडतात. गाडीचें तोंड चेपून आंत येतें, आणि तळच्या गिअरला जखडलेला एकसंध दांडा भाल्यासारखा मागें, चालकाच्या छातीकडे सरकतो. त्याच सुमारास गाडी थांबलेली असूनहि चालकाचें शरीर आपल्या गतीनें पुढें जातें आणि त्या भाल्यावर आदळतें. भाला जितका घट्ट धरलेला, तितका घाव खोल. सत्तर वर्षें ज्या गुणासाठीं कारागीर झटले, तोच गुण या एका क्षणीं घातक ठरत होता.

उपाय शोधणारांत जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनींतील बेला बारेन्यी याचें नांव अग्रभागीं आहे. आघातानें दुमडणाऱ्या सुरक्षित दांड्यावर त्यानें वर्षानुवर्षें काम केलें. अमेरिकेंत १९६७ च्या नमुन्यांपासून जनरल मोटर्सनें, आणि त्याच कंपनीची रचना घेऊन क्रायस्लर व अमेरिकन मोटर्स यांनीं, धक्का जिरविणारा दांडा गाड्यांत बसविला. सप्टेंबर १९६६ मध्यें अमेरिकेंत वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला होता. त्याखालीं १ जानेवारी १९६८ पासून दोन दंडक लागू झाले. ताशीं ३० मैलांच्या वेगानें गाडी भिंतीवर आदळली असतां दांड्याचें वरचें टोक मागें ५ इंचांपेक्षां अधिक येतां कामा नये, हा एक. आणि ताशीं १५ मैलांच्या वेगानें माणसाच्या धडासारखा ठोकळा चाकावर आपटला असतां त्यावर २,५०० पौंडांहून अधिक दाब पडतां कामा नये, हा दुसरा.

या नव्या रचनेंत दांडा एकसंध नसून एकांत एक सरकणाऱ्या दोन तुकड्यांचा होता, आणि त्याभोंवतींच्या नळीचा कांहीं भाग जाळीदार पत्र्याचा होता. आघात होतांच ही जाळी कागदी कंदिलासारखी चेपून धक्का स्वतःमध्यें जिरवी. पण सर्वांत चतुर भाग होता तो डॅशबोर्डाखालचा आधारच. त्याच्या दोन्ही कानांना चालकाच्या बाजूस उघड्या अशा खांचा होत्या. प्रत्येक खांचेंत धातूचा एक लहान ठोकळा बसविलेला असे. बोल्ट जाई तो या ठोकळ्यांतून, आणि ठोकळा कानाला केवळ प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांनीं जोडलेला असे. रोजच्या वापरांत आधार जागचा हालत नसे. टकरींत गाडीच्या तोंडानें दांड्याला मागें रेटलें, तर खांचेची बंद बाजू ठोकळ्याला अडून तो मागें येऊं शकत नसे. परंतु चालकाची छाती चाकावर आदळून दांड्याला पुढें रेटूं लागली, कीं खुंट्या तुटत, ठोकळे बोल्टाला धरून जागींच राहत, आणि आधार त्यांवरून निसटून दांड्यासह पुढें जाई. एका दिशेनें धरावें आणि दुसऱ्या दिशेनें सोडावें, अशी ही योजना होती. अमेरिकन सरकारच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें १९८१ सालीं काढलेल्या निष्कर्षाप्रमाणें अशा दांड्यांमुळें समोरच्या टकरींत चालक मरण्याचा धोका सुमारें १२ टक्क्यांनीं कमी झाला, आणि सुकाणूवर आदळून होणाऱ्या गंभीर दुखापती ३८ टक्क्यांनीं घटल्या.

आतां जुन्या गाडीच्या मालकाचा प्रश्न. भारत सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करतां येते; मात्र तिचा सांगाडा, सांटा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापरांत न आणतां प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच बाहेर काढावी, अशी अट आहे. म्हणजे आधार सुधारावयाचा तो गाडीचें मूळ रूप राखून.

अनुभवी कारागीर येथें एक क्रम पाळतात. एकानें चाक हलवावें, दुसऱ्यानें खालीं पाहावें. चाक फिरतें पण तळची दांडी मागाहून हलते, तर दोष गिअरचा वा सांध्यांचा; चाक न फिरतां सबंध दांडा डुलतो, तर दोष आधाराचा. झिजलेला बुश बदलावा. लांकडी फळीचीं भोंकें मोठीं झालीं असल्यास बोल्टांखालीं रुंद पोलादी पट्टी द्यावी, म्हणजे दाब पसरतो. नवी आधारपट्टी बसवावयाची तर सांगाड्याला शक्यतों नवीं भोंकें पाडूं नयेत, वेल्डिंग करूं नये, आणि पट्टी व दांडा यांमध्यें चामड्याचें अस्तर घालावें. पट्टी आंवळतांना दांडा वांकडा ओढला जाऊं नये, एवढी विशेष खबरदारी हवी. तसें झालें तर चाक जड होतें आणि नवा बुश पुन्हां झिजतो. काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

१९६७ पूर्वींच्या गाडीला अशी पट्टी बसविल्यानें ती सरळ चालेल, चालकाच्या हाताला तिचा विश्वास वाटेल. पण टक्कर झाली तर छातीचें रक्षण ही पट्टी करणार नाहीं. एकसंध दांडा तो एकसंधच राहतो. तेथें चालकाला वांचविणारी गोष्ट म्हणजे मजबूत जागीं नीट बसविलेला पट्टा आणि मंद गति. खरी सावधगिरी हवी ती १९६७ नंतरच्या गाड्यांबाबत, कारण त्याहि आतां पन्नाशी ओलांडून जुन्यांत जमा झाल्या आहेत. त्यांच्या आधारांतील प्लास्टिकच्या खुंट्या काळानें झिजतात, ठोकळे खांचांत खुळखुळूं लागतात, आणि चाक डुलूं लागतें. अशा वेळीं ठोकळे काढून टाकून त्या जागीं साधे बोल्ट व जाड चकत्या आंवळण्याचा मोह होतो. दहा मिनिटांचें काम. चाक खडकासारखें स्थिर होतें, आणि मालकहि खूष होतो. पण आधार सुटेनासा झाला कीं जाळीच्या नळीला चेपण्यास वावच उरत नाहीं, आणि ज्या दोषावर अर्ध्या शतकाच्या संशोधनानंतर तोड निघाली, तो त्या दहा मिनिटांत गाडींत परत येतो. अशा गाडीला त्याच जातीचा, ठोकळ्यांसहित पूर्ण आधार मिळवूनच बसविला पाहिजे, मग त्याच्या शोधांत महिने गेले तरी हरकत नाहीं.

तोंवर गाडी छपरीखालीं उभी राहील. जाणता मिस्त्री मालकाला हें स्पष्ट सांगतो, आणि चाकाला चिठ्ठी अडकवून पुढच्या कामाला लागतो.